बेडूक कूलरच्या कामाचा नाही

पावसाळा लागला की नागपुरात एक मेसेज फिरू लागतो: ‘अंबाझरी, गोरेवाड्याच्या काठचे बेडूक आणि बेडूकमासे आणून कूलरच्या टाकीत सोडा. एक बेडूक रात्रीत हजार डास खातो. परदेशी निर्यातीने बेडूक संपले, म्हणून डेंग्यू वाढला.’

आधी हजाराचं बघू. बेडकाच्या पोटात काय आहे ते तपासायची रीत ठरलेली आहे. तो पकडला की लगेच घशातून मऊ नळी सरकवायची, सिरिंजने स्वच्छ पाणी सोडायचं, बाहेर आलेलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं. नळी जाड असली तर लहान बेडकाची अन्ननलिका फाटते. उशीर झाला तर मऊ किडे विरघळतात, भुंगेऱ्यांची कडक कवचंच उरतात आणि हिशेब चुकतो. ही तूट धरली तरी टोडच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) पोटात निघतात त्या मुख्यतः मुंग्या, वाळवी, भुंगेरे. शिवाय डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरात दडून बसतो. बहुतेक बेडूक रात्री निघतात.

बेडूकमाशांबद्दल मेसेज थोडा खरा आहे. भारतीय बुलफ्रॉगची, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या बेडकाची, पिल्लं मांसाहारी असतात, डासांच्या अळ्या खातात. पण ती इतर बेडूकमाशांनाही सोडत नाहीत. बाकीचे बहुतेक शेवाळ खरवडतात किंवा पाणी गाळून खातात. एडिस अंडी घालतो पाण्याच्या रेषेवर, टाकीच्या ओल्या भिंतीला. तिथे बेडूकमाशांचं तोंड पोचत नाही. पाय फुटल्यावर बाहेर यायला उतार लागतो. टाकीच्या उभ्या भिंतींत ते बुडून मरतात, सडतात, आणि त्या पाण्यावर अळ्याच पोसतात.

एका तळ्यातले बेडूक दुसरीकडे नेले की त्यांच्या कातडीवरची बुरशी आणि विषाणूही जातात. म्हणून अभ्यासक प्रत्येक तळ्यानंतर बुटांचा चिखल घासून काढतात, बूट जंतुनाशकाने धुऊन कडक वाळवतात. नवख्या जागी सोडलेला बुलफ्रॉग काय करतो, ते अंदमानात दिसलंच आहे: तिथे तो स्थानिक बेडकांच्या पिल्लांवर ताव मारतो.

निर्यात? ती भारताने १९८७ सालीच बंद केली.

कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करा, भिंती काथ्याने घासा, उन्हात वाळवा. नुसतं पाणी बदलून भागत नाही: चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. पाऊस आल्यावर बंद केलेल्या कूलरच्या तळाचं पाणी बहुतेक जण विसरतात, तेही काढा. आणि बेडूक अंडी घालतात त्या डबक्यात डासांच्या अळ्या खाणारे गंबुशिया मासे सोडू नका. ते बेडूकमासेही फस्त करतात.