‘नाव वाचा, राजा कळेल’: इंग्लिश पेनीबाबत हा सल्ला का फसतो

मध्ययुगीन इंग्लिश चांदीच्या पेनीबद्दल संग्राहकांत एक झटपट सूत्र फिरतं: नाव वाचलं की राजा कळतो, वजन कमी भरलं तर नाणं नकली, अर्धं कापलेलं असेल तर बिनकामाचं, आणि जितकं जुनं तितकं दुर्मीळ. चारही गोष्टी चूक आहेत. पहिली सर्वांत महागात पडते.

‘नाव तोच राजा.’ दुसऱ्या हेन्रीने 1180 साली ‘शॉर्ट क्रॉस’ पेनी सुरू केली. समोर ‘हेन्रिकस रेक्स’, म्हणजे राजा हेन्री, मागे दुहेरी रेघांचा आखूड क्रॉस. तो 1189 मध्ये वारला, पण नाव तसंच राहिलं. रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री, तिघांच्याही काळात, थेट 1247 पर्यंत. म्हणजे ‘रिचर्ड आणि जॉनने इंग्लंडात नाणी पाडलीच नाहीत’ हा पोटदावाही बाद: पाडली, बापाच्या नावाने पाडली. जॉनचं स्वतःचं नाव हवं असेल तर त्याची आयर्लंडमधली पेनी पाहा, त्रिकोणात राजाचा चेहरा असलेली. अंकुशी रुपया हाताळलेल्यांना यात नवल वाटू नये. तिथे नाव दिल्लीच्या बादशहाचं, टांकसाळ मराठ्यांची, आणि ओळख पटते अंकुशावरून.

इथे ओळख पटते केसांवरून आणि मुकुटावरून. दहापट भिंग आणि तिरपा उजेड घ्या. आधी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचे केसांचे वळसे मोजा: तुमच्या डावीकडे 2 आणि उजवीकडे 5 असतील तर बहुधा वर्ग 1ब (अभ्यासकांनी या नाण्यांचे असे क्रमवार वर्ग पाडले आहेत), म्हणजे खुद्द दुसरा हेन्री. मग मुकुटातले मोती: 5 असतील तर वर्ग 2, रिचर्डच्या राज्याचा आरंभ, 7 किंवा जास्त दिसले तर वर्ग 3 तपासा. दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल वळसे आणि प्रत्येकात ठिपका असेल तर वर्ग 5, जॉनच्या 1205 च्या नव्या नाणेपाडणीतला; त्यातल्या सुरुवातीच्या नाण्यांवर ‘एस’ अक्षर उलटं सापडतं. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. ठसा कच्चा बसला की मोती आधी पुसट होतात आणि 7 चे 5 दिसतात.

मग मागची बाजू. वरच्या छोट्या क्रॉसपासून घड्याळाच्या दिशेने वाचा: नाणं पाडणाऱ्याचं नाव, ‘ऑन’, आणि गाव. इथला ठरलेला घोळ म्हणजे ‘निकोल’. ‘ऑन’च्या आधी आलं तर ते माणसाचं नाव, नंतर आलं तर लिंकन शहर. ‘एव्हरविक’ म्हणजे यॉर्क.

‘तिसरा असं लिहिलं नसेल तर दुसरा हेन्री’ हेही खोटं. ‘टर्सी’ (लॅटिनमध्ये ‘तिसरा’) किंवा रोमन तीन हा आकडा 1247 नंतरच्या, कडेपर्यंत जाणाऱ्या लांब क्रॉसच्या ‘लाँग क्रॉस’ पेनीवर येतो, त्याआधीच्या तिसऱ्या हेन्रीच्या नाण्यांवर नाही. शिवाय पहिल्या एडवर्डने 1279 पर्यंत हेन्रीच्याच नावाने नाणी काढली. त्यानंतर पहिला, दुसरा, तिसरा असे तीन एडवर्ड, आणि एकाच्याही पेनीवर क्रमांक नाही. डरहॅमची, म्हणजे तिथल्या बिशपच्या टांकसाळीतली पेनी तिथे मदतीला येते: मागच्या क्रॉसचा एक हात बिशपच्या दंडासारखा वळलेला असेल तर तो बिशप केलॉ, 1311 ते 1316, अर्थात दुसरा एडवर्ड. टोकं दुभंगलेला क्रॉस हे त्याच्या आधीच्या बेकचं चिन्ह, पण बेक 1283 ते 1311 असा दोन राजांच्या काळात होता, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही.

आणि नाण्यावर ‘पिलेल्म’ वाचलंत तरी त्या नावाचा कोणी राजा नव्हता. पहिलं अक्षर ‘पी’सारखं दिसणारं जुन्या इंग्रजीतलं ‘विन’ आहे; नाव विल्यम. पहिला की दुसरा, हे नाव सांगत नाही, नाण्याचा प्रकार सांगतो.

‘वजन कमी म्हणजे नकली.’ कुठल्या काळाच्या मानाने कमी? पूर्ण पेनी सुमारे 1.4 ग्रॅमची असे. 1351 नंतर 1.17, 1412 नंतर 0.97, 1464 नंतर 0.78 ग्रॅम. म्हणून 0.9 ग्रॅमची पहिल्या एडवर्डची पेनी बहुधा कातरलेली असते. कडेची अक्षरं अर्धी कापलेली दिसतील. पंधराव्या शतकातल्या पेनीचं तेच वजन ठीकठाक असू शकतं. आधी काळ ठरवा, मग काटा लावा.

अर्धी पेनी? ती तुटलेली नाही, सुटे पैसे आहेत. गोल अर्धी पेनी आणि पाव पेनी नियमित निघू लागल्या 1279-80 पासून. तोवर पेनी क्रॉसच्या रेघेवरूनच कापत. कापलेली कड सरळ आणि क्रॉसला लागून असते, अपघाताने तुटलेली वेडीवाकडी.

‘जुनं ते दुर्मीळ’ याला एकच उदाहरण पुरे. ‘पॅक्स’ लिहिलेली विल्यमची पेनी अकराव्या शतकातली, पण हॅम्पशरमधल्या ब्यूवर्थला 1833 मध्ये सहा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला आणि त्यातली बहुतेक हीच. म्हणून विल्यमच्या सगळ्या प्रकारांत तीच सर्वांत सहज मिळते. उलट वेल्समधल्या रडलनची तेराव्या शतकातली शॉर्ट क्रॉस पेनी, दिसायला लंडनच्या पेनीपेक्षाही ओबडधोबड, ‘पॅक्स’ पेनीपेक्षा कितीतरी विरळ.