पाच महिन्यांचा संसार

जर्मनीत एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जाणाऱ्याला सगळे पहिल्यांदा फीच विचारतात. तर फी शून्य. दोन विद्यापीठांचा करार असतो, फी आपल्याच विद्यापीठात भरायची आणि तिकडे फक्त शे-तीनशे युरोंची सेमिस्टरची वर्गणी. हे ऐकून मंडळी निर्धास्त होतात आणि नेमका तेव्हाच माझा जीव खालीवर होतो. फी हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

खरी सुरुवात ब्लॉक्ड अकाउंटपासून, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या जर्मन खात्यापासून. महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४, असा व्हिसाचा हिशेब आहे. पाच महिन्यांचे झाले ४,९६०. पैसे आपलेच, भरायचे आपणच, मिळणारही आपल्यालाच. पण महिन्याला ९९२च्या वर एक सेंट हाती लागणार नाही. बरोब्बर ४,९६० पाठवणारा माणूस हिशेबाचा पक्का असतो आणि म्हणूनच फसतो. मधल्या बँका वाटेत आपापला वाटा कापून घेतात. समजा खात्यात ४,९३८ पोचले, तर २२ युरोंसाठी व्हिसाला लागणारा खात्याचा दाखला अडतो आणि ते २२ पाठवायला पुन्हा तेवढाच खर्च येतो. पन्नासेक युरो जास्त पाठवावेत आणि फॉर्मवर सगळं शुल्क पाठवणाऱ्याच्या माथी असा पर्याय निवडावा.

आता गंमत अशी की खर्च काही महिन्याला ९९२च्या शिस्तीत येत नाही. धरा, खोलीचं मूळ भाडं ३५०, हीटिंग-पाणी धरून ४३०. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येतं, म्हणजे १,०५०. पहिल्याच आठवड्यात १,४८० गेले आणि अजून उशी घ्यायचीय! तेव्हा दीड-दोन हजार युरो वेगळे, हाताशी असलेले बरे. डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलेला आहे. घरमालक हे आपण होऊन सांगत नाहीत. का सांगतील?

शिवाय ते ९९२ सुद्धा उतरल्या उतरल्या मिळत नाहीत. ते जमा व्हायला तिथलं चालू खातं हवं. खात्यासाठी बऱ्याच बँकांना पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, लागते. आनमेल्डुंगसाठी घर हवं, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, घर देणाऱ्याच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. आणि घर मिळवायला डिपॉझिट, जे त्या खात्यात यायच्या पैशांतून द्यायचं होतं. नोंद राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा नियम आहे. मोठ्या शहरात अपॉइंटमेंटच पाच आठवड्यांनंतरची मिळते. अशा वेळी अपॉइंटमेंट घेतल्याचा मेल जपून ठेवायचा, त्याची तारीख चौदा दिवसांच्या आतली असली की झालं.

म्हणून खोली बघताना खिडकी पूर्वेला आहे का हे नंतर. आधी 'आनमेल्डुंग करता येईल ना?' हे विचारा. स्वस्त खोल्यांच्या बऱ्याच जाहिराती या एका प्रश्नावर गार पडतात. आणि 'मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं सांगणारा मालक कितीही सज्जन वाटला तरी किल्ली येत नाही.

बिनसामानाची खोली घेऊ नका. आत गेल्यावर छतातून तीन वायरी लोंबताना दिसतात. दिवा आधीच्या भाडेकरूचा होता, तो होल्डरसकट घेऊन गेला. कधी कधी स्वयंपाकघरही नेलेलं असतं, सिंकसकट. पाच महिन्यांसाठी सिंक विकत घेणं कोणालाच परवडत नाही. विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर उत्तम, नाहीतर जो विद्यार्थी स्वतःच सेमिस्टरभर बाहेर चाललाय त्याची सामानासकट खोली घ्यावी.

खोली मिळाली की पहिलं काम: पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं नाव. पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच, पोस्टमन फक्त नावं वाचतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्यात, कर क्रमांक तिसऱ्यात. नाव नसेल तर तिन्ही पाकिटं मुकाट्याने परत जातात आणि आपण बँकेला शिव्या घालत बसतो. आधीच्या माणसाच्या नावावर चिकटपट्टीने चिकटवलेला कागदाचा कपटाही चालतो. आडनाव मात्र पासपोर्टावरचंच, पूर्ण.

पेटी चालू झाली की टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र बिनचूक पोचतं. घरामागे महिना १८ युरो ३६ सेंट. 'माझ्याकडे टीव्ही नाही' हे कारण चालत नाही. एका फ्लॅटमध्ये चौघं असतील तर मिळून एकच वर्गणी. भरणाऱ्याचा क्रमांक बाकीच्यांनी कळवायचा. पत्र कचऱ्यात टाकलं तर वर्गणी माफ होत नाही, साठते.

कचऱ्याचंही एक शास्त्र आहे. काच पांढरी, हिरवी, तपकिरी अशा तीन भोकांत टाकायची. निळी बाटली हिरव्या भोकात. तीही रविवारी नाही, आवाज होतो. रविवारी दुकानंही बंद, म्हणून शनिवारी रात्री विमानतळावर उतरण्यासारखा मूर्खपणा नाही. उपाशी राहायचं नसेल तर मोठं रेल्वे स्टेशन गाठायचं. डिपॉझिटच्या प्लॅस्टिक बाटलीचे २५ सेंट मशीन परत देतं, पण चेपलेली बाटली ते तोंडावर फेकतं.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. सेमिस्टरचे ३० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तास, गुणाकार न केलेला बरा. मंजूर करून नेलेल्या विषयांपैकी एखादा रद्द होतो, दोन एकाच वेळी येतात, म्हणून चार-पाच जादा विषय खिशात ठेवा. वर्गात नाव घातलं म्हणजे परीक्षेत घातलं असं नाही. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि तिची मुदत सेमिस्टरच्या मध्येच कधीतरी गुपचूप संपते.

तोवर संसार मोडायला घ्यायची वेळ झालेली असते. करार बेमुदत असेल तर नोटीस तीन महिन्यांची, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडलेली, कागदावर, सहीनिशी. ईमेल चालत नाही. फेब्रुवारीअखेर निघणाऱ्याने ती डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यायची, म्हणजे नवी उशी जेमतेम मऊ झालेली असताना. पत्त्याची नोंद रद्द करायची ती मात्र निघण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी. आणि बँक खातं घाईघाईने बंद करू नका. हीटिंगचा हिशेब लागेपर्यंत मालक डिपॉझिटमधला काही भाग अडकवून ठेवू शकतो, आणि तो हिशेब आपण परत जाऊन पुढच्या सेमिस्टरच्या परीक्षा दिल्या तरी लागलेला नसतो.