टाळ्या कशाला वाजवताय?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक आलेख येऊन पडला. १९९० पासून खाली खाली उतरत गेलेली एक रेघ, वर ठळक मथळा: 'ब्रेन स्ट्रोकचे (म्हणजे लकव्याच्या झटक्याचे) मृत्यू घटले!' आणि खाली टाळ्याच टाळ्या. बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी तर लिहिलं, "उगाच घाबरवतात लोकांना. आता स्ट्रोकने मरतं कोण?" मी लोकलमध्ये उभी होते, एक हात कडीला, त्यामुळे तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. बरंच झालं. ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून आधीच पुरेशी भांडणं झालीत. इथे लिहिते, इथे सगळे आपलेच आहात.

मरतं कोण? माझा काका मेला.

ठाण्यात कोपरीला राहायचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होता. रिटायर झाल्यावरही सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा, जसं काही सायरन होणार आहे. त्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून निसटला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं काकीला दिसलं. काका अडखळत म्हणाला, हात झोपेत दबला असेल. शेजारच्यांचं निदान: गॅस, पडून राहू दे थोडा वेळ. कुणी कांदा फोडून हुंगवला. कुणी अगदी मायेने स्वतःची बीपीची गोळी आणून त्याच्या जिभेखाली ठेवली. मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय हे सीटी स्कॅनशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. पण कॉलनीत सगळ्यांकडे गोळी तयार असते.

मग जवळचं नर्सिंग होम. तिथे सलाइन लावलं आणि संध्याकाळी मोठे डॉक्टर येतील म्हणून सांगितलं. सीटीचं मशीन तिथे नव्हतंच. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे काकीला माहीत असायचं कारण नाही. दुपारनंतर मोठ्या हॉस्पिटलात हलवलं तेव्हा तिथल्या पोरसवदा डॉक्टरने पहिलाच प्रश्न केला, "सुरू कधी झालं?" काकीने सांगितलं. तो म्हणाला, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली. साडेचार तास. तेवढाच वेळ असतो. एकेका मिनिटाला मेंदूतल्या १९ लाख पेशी मरतात म्हणे. आमचा अख्खा दिवस 'गॅस असेल' म्हणण्यात गेला.

आता त्या आलेखाबद्दल. तो खोटा नाही हे आधीच मान्य करते, नाहीतर कुणीतरी येऊन मला आकडेशास्त्र शिकवेल. १९९० ते २०१९ या काळात जगभरात, वयाचा फरक काढून टाकून मोजलेला स्ट्रोकचा मृत्युदर ३६ टक्क्यांनी उतरला. छान. पण हा आकडा ज्या अहवालात आहे त्याच अहवालात, त्याच वर्षांमध्ये, प्रत्यक्ष मेलेल्या माणसांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढलीय. माणसं वाढली, त्यात म्हातारी माणसं जास्त वाढली, म्हणून दर खाली आणि प्रेतं वर. आणि सत्तरीच्या आतल्या लोकांत नव्याने स्ट्रोकचा झटका येण्याचं प्रमाणही वर गेलंय. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे. एवढा भाग कापून उरलेला फॉरवर्ड करायला काय डोकं लागतं?

आणि हे झालं जगाचं. आपल्या ठाण्याचं काय? ठाण्याची तीस वर्षांची रेघ काढायला कुणी बसलं तर मला ती बघायचीच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्ह्यातून पालघर वेगळा काढला. त्याआधीचा ठाणे जिल्हा आणि नंतरचा ठाणे जिल्हा, नाव तेच, माणसं वेगळी. रेघ खाली गेली तर आरोग्य सुधारलं की जव्हार-मोखाडा हिशोबातून गेला? बरं, मृत्यूची नोंद होते ती माणूस जिथे मरतो तिथे. ठाण्याचा पेशंट सायनला किंवा परळला नेला आणि तिथे गेला, तर तो मुंबईच्या खात्यात. मोखाड्याचा माणूस कळव्याच्या हॉस्पिटलात आणला आणि गेला, तर तो ठाण्याच्या खात्यात. नवी मुंबईत सगळी तरुण नोकरदार जोडपी येऊन राहिली, तिथे दर कमी दिसणारच, त्यात कसलं कौतुक?

पण हे सगळं एकवेळ सोडा. काकाचं सांगते.

काका त्या दिवशी नाही मेला. मेला असता तर निदान आलेखात गेला असता. तो घरी आला आणि पुढे कित्येक महिने कॉटवर होता. उजवा हात, उजवा पाय गेलेला, आणि वाचा गेलेली. गावाहून लोक बघायला यायचे, "अंगावरून वारं गेलं हो" म्हणून हळहळायचे आणि जाताना पत्ते देऊन जायचे. एकाने तर कबुतराच्या रक्ताने मालिश करणाऱ्याचा पत्ता आणला होता, फोन नंबरासकट. काकीने तो कागद नीट घडी करून ठेवला. मी चिडले तर म्हणाली, "राहू दे गं, तेवढा माणूस दारात तरी आला."

तिच्याबद्दल काय लिहू. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पेजेचा प्रत्येक चमचा सरळ बसवून द्यायचा, कारण गिळताना छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. फिजिओथेरपीवाला सुरुवातीला रोज यायचा, मग दिवसाआड, मग पैसे संपले. तिची कंबर त्या काळात गेली ती गेलीच. सत्तर किलोचा माणूस उचलायची ती. हे कुठल्या आलेखात असतं? झटक्यातून वाचला असं लिहून मोकळे होतात.

शेवटी न्यूमोनियाच झाला. रात्री घरीच गेला. गल्लीतले डॉक्टर चपला घालून तसेच धावत आले, भला माणूस, त्यांना दोष देणार नाही. त्यांनी मृत्यूचं कारण लिहिलं: हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने. अहो, ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! मेल्यावर आणखी काय होतं? फॉर्मवर खालच्या ओळी असतात, हे कशामुळे, आणि ते कशामुळे, असं मूळ कारणापर्यंत जायला. त्या रिकाम्या. आम्ही बँकेसाठी आणि पेन्शनसाठी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि विषय संपला. सरकारदरबारी माझा काका स्ट्रोकने मेलेलाच नाही. मग बी विंगच्या सद्गृहस्थांचं बरोबरच आहे की, मरतं कोण?

२००५-०६ मध्ये मुंबईत एका ठरावीक भागात नोंदवही ठेवून, वस्तीत जाऊन नवे झटके मोजले होते. पहिला झटका आलेल्या शंभरातले जवळपास तीस जण अठ्ठावीस दिवसांत गेले होते. तशी मोजणी करायला माणसं लागतात, पैसा लागतो, चिकाटी लागते. आलेख फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो.

हो, हो, सुधारणा झालीय. सीटी मशीन वाढली. ठाण्यात आणि नवी मुंबईत इंजेक्शन देणारी हॉस्पिटलं आहेत, मोठी गुठळी मांडीतून नळी घालून बाहेर काढणारी आहेत, आणि काही निवडक पेशंटना ते २४ तासांपर्यंतही करता येतं. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे, फुकट आहे. मान्य. पण ती घोडबंदर रोडवर सकाळी नऊला चालवून दाखवा. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत. आमच्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये 'हॉस्पिटल दहा मिनिटांवर' असं छापलं होतं, बहुतेक रात्री तीनला मोजलं असणार.

आणि बीपी. काकाला गोळ्या होत्या. त्याने स्वतःच बंद केल्या होत्या, "आता बरं वाटतंय, कशाला उगाच" म्हणून. बीपीचं काही दुखत नाही हीच तर गोम आहे. तुमच्या घरात आत्ता असं कोणीतरी आहे, मला माहितीय. पापड-लोणच्याशिवाय ज्याचं ताट पूर्ण होत नाही आणि गोळ्यांची पट्टी ज्याच्या ड्रॉवरमध्ये अर्धी पडून आहे. त्यांच्याशी भांडा. मी नाही भांडले कधी काकाशी, तो ऐकणाऱ्यातला नव्हता, पण तुम्ही भांडा.

टाइप करता करता राग जरा निवला, ठाणे पण येऊन गेलं. तर एक काम करू. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. लिफ्टमध्ये डिश टीव्हीवाल्याच्या जाहिरातीच्या जागी एक कागद लावायचा असं मी ठरवलंय, बी विंगचे सद्गृहस्थ काय बोलायचं ते बोलोत. वरती एवढंच: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा, पाणी-गोळी-कांदा काही देऊ नका, निघा. खाली हॉस्पिटलांची यादी.

ती यादी मला तुमच्याकडून हवीय. घोडबंदर, मानपाडा, कळवा, ऐरोली, वाशी, जिथे राहता तिथली. स्वतः फोन करून विचारा: सीटी चोवीस तास चालू असतं का, की रात्री टेक्निशियनला घरून बोलावतात? गुठळीचं इंजेक्शन तिथेच देतात, की दुसरीकडे पाठवतात? ऐकीव माहिती नको. आणि कबुतरवाल्याचा पत्ता कोणी टाकला तर सरळ ब्लॉक करणार आहे, नात्यातला असला तरी.