टोमॅटोला भेटायला आलेली माणसं

घरातलं माणूस आजारी पडलं तर लोक फोनवर भागवतात. टोमॅटोचं रोप आजारी पडलं की मात्र जातीने येतात. कुंडीपाशी हात मागे बांधून उभे राहतात, च् च् करतात आणि मग एखादं पान अशा काही जोराने उलटून बघतात की ते तिथल्या तिथे हातात यावं. "बघ, किती अशक्त झालंय!" हे वर.

आमच्या रोपाची खालची पानं पिवळी पडली होती, एवढंच निमित्त. शेजारचे नाना म्हणाले, "पाणी कमी पडतंय." नाना डोकेदुखीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यांना पाणीच सांगतात. वहिनी म्हणाल्या, "छे, पाणी जास्त होतंय." पंचाईत अशी की दोघांचंही खरं असू शकतं. मुळं तहानलेली असली तरी पानं पिवळी आणि पाण्यात गुदमरली तरी पिवळीच. खातरजमा करायची तर बोट दोन पेरं मातीत खुपसायचं आणि ओल लागली की झारी खाली ठेवायची. हा उपाय कुणालाच पटत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नाही.

वास्तविक पान पिवळं आहे, एवढ्याने काही कळत नाही. कुठलं पान, ते आधी बघावं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी. रोप म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून कोवळ्यांना पुरवतं. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी. हीच नक्षी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसली तर लोह कमी. आणि तपकिरी ठिपक्यात वलयात वलय दिसलं तर तो करपा. अशी पानं काढून लांब टाकायची आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी घालायचं.

हे सगळं मी भिंग घेऊन, उकिडवं बसून, नीट तपासलं. पान सरसकट पिवळं, ठिपका नाही, वलय नाही. म्हणजे नत्र. मूठभर गांडूळखत घातलं की झालं, असं मी म्हणेपर्यंत आतेभाऊ अख्खी पिशवी घेऊन हजर! त्याचं म्हणणं, मुठीने काय होतंय? त्याला कसं सांगावं, की नत्र फार झालं तर रोप पानांनी नुसतं फोफावतं आणि फुलांचं नाव काढत नाही? शेवटी पिशवी ठेवून घेतली आणि तो गेल्यावर मूठभरच घातलं.

मग पानं वळली. इथे घरात खरा हलकल्लोळ झाला. "व्हायरस!" नाना म्हणाले. "उपटून टाक, बाकीच्यांना लागेल," आई म्हणाली. भीती अगदीच खोटी नव्हती. पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू आणते, त्यावर औषध नाही आणि रोप उपटावंच लागतं. पण त्यात शेंड्याची पानं बारीक, आकसलेली आणि कडेने पिवळी होतात. आमची वळलेली पानं खालची होती, जाडसर, चामड्यासारखी आणि छान हिरवीगार. उन्हाच्या तडाख्यात पाणी वाचवायला रोप पानांची अशी सुरळी करतं. तो रोग नव्हे. एवढं समजावूनही आईने शेजारची मिरचीची कुंडी गुपचूप हलवलीच.

व्हायरसचा विषय निघालाच होता म्हणून मी नानांना हात धुऊन यायला सांगितलं. नानांना तंबाखूची सवय, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही होतो, तोही हातांवाटे. विषाणू ही कल्पनाच मुळी बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये याच रोगाच्या अभ्यासातून मांडली. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं, हात धुतले आणि पुसताना विचारलं, "त्याने कधी टोमॅटो लावले होते का?"

नंतर पानांच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, सापडला. त्यात विशेष काही नाही. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे दोन थेंब आणि ऊन उतरल्यावर फवारणी. भर दुपारी फवारलं तर पानं भाजतात. आतेभावाला दुपारीच वेळ होता, त्याला थोपवणं माव्यापेक्षा अवघड गेलं.

अखेर फळं धरली आणि पहिल्याच टोमॅटोचं बूड काळं पडलं. पुन्हा सगळे जमले. कॅल्शियम कमी, यावर चक्क एकमत झालं. वहिनींनी अंड्याची टरफलं आणली, जी मातीत विरायला महिनोन् महिने घेतात. नानांनी खडू आणला आणि कुंडीत मेखेसारखा ठोकला. मातीत कॅल्शियम सहसा असतंच, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं, आणि आमच्याकडे पाण्याचा कारभार असा की एखाद्या दिवशी येणारा-जाणारा प्रत्येक जण दया येऊन झारी ओतणार आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण म्हणणार, दुसऱ्याने घातलं असेल. मी झारी कपाटात कुलपात ठेवली आणि रोज सकाळी मातीत बोट घालून, लागेल तेवढंच पाणी मीच घालायला लागलो.

पुढच्या घोसातली टोमॅटो बुडापासून देठापर्यंत स्वच्छ निघाली. नाना हल्ली सदऱ्याच्या खिशात खडू घेऊन फिरतात.