पिल्लाचं नाक घासू नका: "तीन दिवसांत लिटरची सवय" या मेसेजला मुद्देसूद उत्तर

"मांजराच्या पिल्लाला तीन दिवसांत लिटरची सवय" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आणि घरात नवीन पिल्लू आलं की कोणी ना कोणी तो पाठवतंच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (लिटर म्हणजे मांजराने शी-शू करावी म्हणून बॉक्समध्ये घालतात ती वाळूसारखी भुसभुशीत माती किंवा दाणे). पिल्लाने भलतीकडे शू केली की नाक तिथे घासा आणि एक चापट द्या, मग पुढचे पाय धरून लिटरमध्ये खरडायला लावा, जागा फिनाईलने पुसून कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवा, बॉक्स एकच पुरे, तो लांब कुठेतरी ठेवून सुगंधी लिटर घाला आणि आठवड्याने बदला, रात्री पाणी उचलून ठेवा, आणि तरी ऐकत नसेल तर ते मुद्दाम करतंय म्हणून रात्रभर बाहेर काढा.

मी बरीच वर्षं आईपासून तुटलेली पिल्लं घरी आणून वाढवते आणि मग चांगलं घर बघून देते, त्यामुळे हा मेसेज वाचून हातपाय गाळलेले लोक मला सारखे भेटतात. यातल्या काही गोष्टींनी पिल्लू मरू शकतं आणि बाकीच्यांनी लागत आलेली सवय मोडते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मेसेज असं धरून चालतो की पिल्लाला काहीच येत नाही आणि ते आपण दम देऊन शिकवायचं. मुळात तसं नाहीच. पहिले साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही, आई चाटते तेव्हा होते, आई नसेल तर प्रत्येक दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हळूहळू फिरवून आपल्याला करवून घ्यावी लागते. या वयाच्या पिल्लाला लिटर शिकवायचा प्रश्नच येत नाही. मग चौथ्या आठवड्याच्या आसपास ते कुठेही भुसभुशीत काही दिसलं की पंजाने उकरायला लागतं, आणि हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं, आईला बघितलं नसलेली पिल्लं पण करतात. आपली घरची मांजर ज्या रानमांजरापासून आली ती उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातली, कोरड्या भागातली, खड्डा करून वरून माती ओढायची सवय तिथूनच रक्तात आलेली आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत एड लो नावाच्या माणसाने चिकणमातीचे दाणे मांजरांसाठी विकायला सुरुवात केली, त्याआधी लोक वाळू नाहीतर राख ठेवायचे, आणि त्या नव्या मातीत जायला मांजरांना कोणी ट्रेनिंग दिलं नाही, पंजाखाली उकरण्याजोगं काही मिळालं एवढंच त्यांना पुरलं. म्हणजे आपलं काम शिकवण्याचं कमी आणि योग्य जागा देण्याचं जास्त आहे.

आता नाक घासायचा मुद्दा. मांजराला आपण केलं ते आणि त्याचा परिणाम यांची सांगड घालता येते ती फक्त काही सेकंदांपुरती. तुम्हाला डाग दिसतो तोपर्यंत पिल्लू खेळून, झोपून, परत उठलेलं असतं, आणि मग एकदम मोठा हात येतो, मानेला धरतो आणि तोंड ओल्यात दाबतो. यातून त्याला "इथे करू नये" हे अजिबात कळत नाही, हा माणूस जवळ आला की काहीतरी वाईट होतं एवढंच कळतं. आणि शू करताना पकडून मारलंत तर अजूनच अवघड, कारण मग ते तुमच्यासमोर शू करायलाच घाबरतं, म्हणजे तुम्ही खोलीत असाल तर बॉक्समध्येही जात नाही, सोफ्याच्या मागे, कपाटाखाली, पडद्याआड जाऊन करतं. लोक मग म्हणतात बघा किती लबाड आहे, लपून करतं. लबाड नाही हो, घाबरलंय ते. माझ्याकडे एक पिल्लू असंच परत आलं होतं, कोणी खोलीत शिरलं की पोट जमिनीला टेकवून फ्रिजच्या मागे जायचं आणि सगळं तिथेच. त्याला मी वेगळं काहीच शिकवलं नाही, एका छोट्या खोलीत बॉक्स, अंथरूण, खाणं-पाणी ठेवलं, आत जाऊन नुसती पुस्तक वाचत बसायचे, आणि घाबरणं कमी झालं तसं ते आपणहून बॉक्समध्ये जायला लागलं.

मग चुकलं तर करायचं काय? डाग पुसायचा, पिल्लाला काही बोलायचं नाही, आणि पुढच्या वेळी आधी पोचायचं. हे जमतं, कारण पिल्लाच्या वेळा ठरलेल्या असतात: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळात (पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात म्हणून), आणि दंगा करून दमल्यावर. थोडं लक्ष ठेवलं तर आधीची लक्षणं पण दिसतात, खेळता खेळता अचानक थांबतं, नाक जमिनीला लावून हुंगत एका कोपऱ्याकडे जातं, गोल फिरतं, एका पंजाने नुसत्याच फरशीवर दोन-तीनदा ओरखडतं आणि मागचा भाग खाली घेतं. त्या ओरखडण्याच्या वेळी शांतपणे उचलून बॉक्समध्ये ठेवायचं आणि दोन पावलं मागे व्हायचं, वर उभं राहून बघत बसायचं नाही. झालं की लगेच कौतुक करा, हवं तर खाऊचा एक दाणा द्या.

पाय धरून खरडायला लावा या मुद्द्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. बहुतेक मांजरांना पंजे धरलेले आवडत नाहीत, आणि बॉक्समध्ये गेलं की आपल्याला पकडतात हे एकदा डोक्यात बसलं की ते त्या बॉक्सकडे फिरकत नाही. दाखवायचंच असेल तर तुमच्या बोटाने लिटर थोडं उकरा, त्या आवाजाने पिल्लू आपणच येऊन बघतं.

फिनाईल आणि डांबराच्या गोळ्या. इथे मी हात जोडून सांगते की प्लीज हे करू नका. मांजराच्या लिव्हरला काही रसायनं निकामी करून बाहेर टाकण्याची जी यंत्रणा लागते ती फार कमकुवत असते, त्यामुळे माणसाला किंवा कुत्र्याला जे पचतं ते मांजराला विष होतं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते ती याच कारणाने, आणि फिनॉल असलेली फरशी पुसायची औषधं पण त्याच गटातली. तुम्ही फरशी पुसता, पिल्लू त्यावरून चालतं, मग बसून पंजे चाटतं, म्हणजे ते थेट पोटात गेलं. डांबराच्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन तर रक्तातल्या लाल पेशींवर घाला घालतं, आणि पिल्लाला ती गोल गोळी पंजाने उडवायला बॉलसारखी वाटते. घरात कुठे असतील तर आजच उचला.

शिवाय या वासांनी काम पण होत नाही. शू सुकताना तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, त्यामुळे अमोनियावाल्या क्लीनरने पुसलंत तर मांजराला तो शूचाच वास वाटतो आणि ते परत त्याच जागी येतं. ब्लीच तर त्याहून वाईट, शूमधल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी गॅस होतो. आणि शूमधलं युरिक ऍसिड साध्या साबण-पाण्याने पूर्ण निघत नाही, आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते पण मांजराला अजून वास येत असतो. यासाठी एन्झाइम क्लीनर, म्हणजे वास आणणारे घटक मोडून काढणारं द्रावण मिळतं, ते वापरा. आधी कोरड्या कापडाने दाबून दाबून ओल टिपून घ्यायची, चोळायची नाही, मग क्लीनर भरपूर ओतून बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ तसाच राहू द्यायचा, लगेच पुसला तर उपयोग नाही. गालिच्यावर वाफेचं मशीन फिरवू नका, उष्णतेने वास अजून मुरतो.

बॉक्सच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि खरं सांगायचं तर दहातल्या बहुतेक केसेस इथेच सुटतात. एक बॉक्स पुरे हे पिल्लाच्या बाबतीत चुकीचं आहे, त्याचं मूत्राशय लहान असतं आणि खेळायच्या नादात लक्षात येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, घराच्या दुसऱ्या टोकाला धावत जाणं त्याला शक्य नसतं. जितकी मांजरं त्याहून एक बॉक्स जास्त, हा हिशोब धरा, आणि दोन मजले असतील तर दोन्हीकडे. सुरुवातीला तर अख्खं घर मोकळं देऊच नका, एक खोली द्या, तिथे सवय बसली की हळूहळू वाढवा. जागा शांत पण सहज पोचता येईल अशी, खाण्यापासून लांब, वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, एकदा आत असताना ते धाडकन सुरू झालं तर पिल्लू परत तिथे जायचं नाव घेत नाही. बॉक्सची कड पाच ते सात सेंटीमीटर, त्याहून उंच असेल तर सहा-सात आठवड्यांचं पिल्लू चढता चढताच बाहेर करतं, पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून लावलीत तरी चालतं. लिटर तीन ते पाच सेंटीमीटर जाड.

सुगंधी लिटर आणि वर झाकण हे दोन्ही आपल्या सोयीसाठी आहे, मांजरासाठी नाही. झाकणाच्या आत वास कोंडतो आणि वरून अत्तर, म्हणजे ज्या प्राण्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे त्याला आपण नको तिथे कोंडतो. बहुतेक मांजरांना बारीक, वाळूसारखं, बिनवासाचं लिटर आवडतं. पिल्लू बॉक्समध्ये गेलं की बघा, ते बॉक्सच्या कडेवर चारही पाय टेकवून तोल सांभाळत बसत असेल किंवा बाहेर येऊन पंजे झटकत असेल तर त्याला पायाखालचा दाणा टोचतोय असं समजा. मोठ्या लाकडी गोळ्यांचं लिटर बदलून बारीक केलं आणि त्याच संध्याकाळपासून पायपुसण्यावर शू करणं थांबलं, हे मी स्वतः पाहिलंय. फक्त गठ्ठा होणारं बेंटोनाइटचं लिटर तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको, ती माती ओली झाली की फुगते आणि पिल्लं सगळंच तोंडात घालतात, आतड्यात अडकू शकते. आणि लिटर बदलायचं तर एकदम नाही, जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत जा.

आठवड्याने साफ करणं तर नाहीच, रोज शी-शू काढायची, जमलं तर दोनदा. भरलेल्या बॉक्सला मांजर नाक मुरडतं हे एक कारण, दुसरं टॉक्सोप्लाझ्मा. काही मांजरांच्या शीमधून हा परजीवी बाहेर पडतो, पण माणसाला लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणजे रोज उचललं तर धोका खूप कमी होतो. घरात कोणी गरोदर असेल तर बॉक्सचं काम दुसऱ्याने करावं, आणि दुसरं कोणीच नसेल तर हातमोजे घालून करून हात नीट धुवायचे. यासाठी मांजर घराबाहेर काढायची काहीही गरज नाही.

रात्री पाणी उचलून ठेवणं हा सरळसरळ छळ आहे. लहान पिल्लू फार पटकन कोरडं पडतं, त्यात जुलाब होत असतील तर एका रात्रीत जिवावर बेतू शकतं. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडायचं नसतं, रात्री झोपायच्या जागेजवळ एक बॉक्स ठेवायचा असतो.

शेवटचा मुद्दा, मुद्दाम करतंय म्हणून बाहेर ठेवा. गादीवर शू केली की लोकांना तो अपमान वाटतो, पण पिल्लाच्या बाजूने बघा, गादी पंजाखाली दबते, ओल शोषून घेते, उकरता येते, म्हणजे लिटरचे सगळे गुण तिच्यात आहेत, वर तुमचा ओळखीचा वास. नवीन घरात बावरलेल्या जिवाला ती जागा सुरक्षित वाटते. काही आठवडे बेडरूमचं दार बंद ठेवा आणि गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घाला. कुंड्यांमध्ये जात असेल तर मातीवर मोठे गोटे पसरा. पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर तो लिटरचा प्रश्नच नाही, हद्द आखणं आहे, नसबंदीचं डॉक्टरांशी बोला.

आणि "मुद्दाम" म्हणायच्या आधी त्याचं पोट बघा. पिल्लांना आईच्या दुधातून गोल जंत येतात, ते फार कॉमन आहे, पोट फुगलेलं, शी पातळ, त्यात जिआर्डियासारखं (जुलाब करणारा आतड्यातला परजीवी) काही असेल तर बॉक्सपर्यंत पोचणं त्याच्या हातातच नसतं. ताज्या शीचा नमुना डब्यात घेऊन व्हेटकडे जा, जंताचं औषध वजनावर ठरतं आणि लहानपणी दर दोन आठवड्यांनी परत द्यावं लागतं, तेव्हा अंदाजाने देऊ नका. शू करताना रडत असेल, सारखं बॉक्समध्ये जाऊन थेंब थेंबच येत असेल, शूत रक्त दिसत असेल तर त्याच दिवशी दाखवा. वाढलेला बोका जोर लावतोय आणि एक थेंबही येत नाहीये अशी वेळ आली तर मार्ग बंद झालाय असं समजायचं, त्यात दोन-तीन दिवसांत मृत्यू होऊ शकतो, म्हणून मध्यरात्र असली तरी सकाळची वाट न बघता चोवीस तास चालणारं क्लिनिक शोधून लगेच निघायचं, आणि असं क्लिनिक कुठे आहे तो नंबर पिल्लू घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा.