‘दोन दातांची खूण नाही म्हणजे साप बिनविषारी’ हे कुणी सांगितलं?

‘चाळीस वर्षं जंगल फिरलेल्या निसर्गप्रेमीचे अनुभव’ हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि काल तो मावशीनेही पाठवला, वर ‘जपून ठेव’ म्हणून. मावशीचं घर शेतात, पावसाळ्यात सगळे खाली झोपणारे, म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, दोन दातांच्या ठळक खुणा असतील तरच साप विषारी, नाहीतर घरीच आराम करा. अहो, मण्यारीचं काय? ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण बऱ्याचदा सापडतच नाही, सूज नाही, दुखणं नावापुरतं. पहाटे पोटात कळ येते, घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, मग पापण्या खाली यायला लागतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. अशा माणसाला खुणा शोधत घरी बसवायचं? पापण्या पडायची वाटसुद्धा बघू नका, नुसता संशय आला तरी दवाखाना गाठा. आणि खाली झोपायचंच असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा.

पुढचा सल्ला त्याहून भयंकर. घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चिरा, रक्त तोंडाने ओढा. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायचंच बंद होतं. दवाखान्यात पेशंटचं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात, तेवढ्यात गोठलं नाही तर विष भिनलंय असं धरतात. अशा माणसाला चिरलं तर रक्त थांबवणार कोण? ओढून विष निघत नाही आणि करकचून बांधलेल्या दोरीने पाय सडतो तो वेगळाच. चावलेला हात-पाय फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, गाडी काढा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत न्यायची गरज नाही.

२०२० साली आलेल्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली असं निघालं, त्यातली बहुतेक खेड्यात, घरीच. हा मेसेज त्यांना आणखी घरीच बसवतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, बहुतेक साप बिनविषारी असतात हे त्यात बरोबर लिहिलंय. पण त्याच्याच जिवावर मांत्रिक जगतात, बिनविषारी चावा किंवा विषारी सापाने विष न सोडता घेतलेला चावा ‘उतरवून’ नाव कमावतात.

बाकीचं फार बोलण्यासारखं नाही. सापसुरळी विषारी नाही. नागीण डूख धरत नाही. देवगांडूळ सापाचं पिल्लू नाही, ओल्या मातीत राहणारा बिनपायाचा उभयचर आहे, बेडकाच्या गोतावळ्यातला, फावड्याने तोडू नका. आणि मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच, तरी गुप्तधनाच्या नादात लोक त्याला पकडून विकतात, जो १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मेसेजमधली ‘मांडूळ दिसल्यास संपर्क करा’ ही ओळ पुढे पाठवणाऱ्यांनी नीट वाचली तरी का?