मोबाईलवर उत्तर बघून निवड करणाऱ्यांनो...

आज दुपारी भाचा 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम खेळत होता. हातात कंट्रोलर, मांडीवर मोबाईल, त्यावर यूट्यूब. संवादाचे पर्याय आले की पॉज. कुठला निवडला तर 'बेस्ट एंडिंग' मिळतं ते बघायचं आणि तोच दाबायचा. डोकं फिरलं माझं. अरे, मग खेळतोस कशाला?

आमच्या पंचवटीच्या घरी मी हा गेम खेळायचो तेव्हा आजी शेजारी बसायची. इंग्रजी कळायचं नाही, मी सांगत जायचो. गेममधल्या वेलेन नावाच्या प्रदेशात झाडाखाली कोंडलेला एक आत्मा भेटतो. म्हणतो, मला सोडव, मी इथल्या अनाथ पोरांना वाचवतो. खरं की खोटं, कळायला मार्ग नाही. मी आजीकडे बघितलं. ती म्हणाली, "पोरं आधी."

सोडवला. पोरं वाचली. पण त्याने एक अख्खं गाव संपवलं, पुढे तिथल्या सरदाराची, म्हणजे बॅरनची बायको गेली आणि बॅरनने गळफास घेतला. आत्म्याला मारलं असतं तर पोरं गेली असती, ती बाई मात्र वेडी होऊन का होईना, जगली असती. यात 'बेस्ट' काय आहे, सांगा मला!

२००४ च्या 'फेबल' या गेममध्ये चांगलं वागलात की डोक्यावर तेजोवलय, वाईट वागलात की शिंगं. मजा यायची, नाही म्हणत नाही. पण शिंगं दिसली की चार पुण्यकर्मं करून ती घालवायची, याला निवड म्हणायचं? आमच्या नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढायला वेळ लागतो. गेममधल्या निर्णयाचं पाणी तसं उशिरा चढायला हवं, आपण विसरल्यावर. बॅरन लटकलेला दिसला तेव्हा आजी म्हणाली, "दारुडा होता, बायकोला मारायचा. तरी वाईट वाटलं रे." पाप-पुण्य मोजणारा कुठला काटा हे दाखवणार?

आणि सीक्वेल काढणारे! 'ड्रॅगन एज' या गेम-मालिकेच्या पुढच्या भागासाठी लोक दहा वर्षं थांबले. २०२४ मध्ये 'द व्हेलगार्ड' आला आणि त्याने जुन्या निर्णयांपैकी विचारल्या किती गोष्टी? तीन! त्याही फक्त आधीच्या 'इन्क्विझिशन' या भागातल्या. २००९ च्या पहिल्या भागापासून आम्ही कोणाला गादीवर बसवलं, कोणाला मरू दिलं, सगळं गेलं पाण्यात. हा विश्वासघात आहे, दुसरा शब्द नाही.

हो, प्रत्येक फाटा पुढे न्यायचा तर खर्च प्रचंड होतो, मान्य. आणि हो, 'विचर २' मध्ये ज्याची बाजू घेता येते तो योर्व्हेथ तिसऱ्या भागात दिसतसुद्धा नाही. तेही मान्य.

तरी 'विचर ४' ची वाट मी बघतोच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पहिला ट्रेलर आला, त्यात नायिका सिरी, म्हणजे तिसऱ्या भागातल्या नायकाची मानलेली मुलगी, राक्षसांची शिकार करणारी. माझ्या गेममध्ये तिसऱ्या भागाच्या शेवटी ती सम्राज्ञी व्हायला निघून गेली होती. आजीलाच ते हवं होतं, "पोरीने किती वणवण करायची?" म्हणून. काहींच्या गेममध्ये तर ती परतलीच नाही. मग ही सिरी कोणाची? सगळ्यांचे शेवट खरे ठरवा असं मी म्हणत नाही. पण ती राजवाडा सोडून आली असेल तर का आली, एवढं एका संवादात तरी सांगा. आम्ही तिला तिथे पाठवताना विचार केला होता.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या झाडाखालच्या आत्म्याला मारलं, त्यांनी कमेंटमध्ये लिहा, का मारलं. गाइड बघून मारलं असेल तर राहू द्या. स्वतः ठरवून मारलं असेल तर मला खरंच ऐकायचंय.